शाळेचें ग्रंथालय व त्याचा उपयोग

(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरलेल्या पालक-विद्यार्थी सभेंत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या पंचवीस वर्षांच्या या मंगल प्रसंगीं बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा याचा आम्हांस थोडा विचार पडला. गेल्या पंचवीस वर्षांत काय काय घडलें हें सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत व त्यांचा तो अधिकारहि आहे. आमचें आयुष्य शाळेंत, आणि त्यांतूनहि बहुतांशीं शाळेच्या ग्रंथसंग्रहापाशीं गेलें. म्हणून ज्या गोष्टीचा आम्हांस अनुभव आहे तिच्याविषयींच चार शब्द बोलावे असें आम्हीं ठरविलें. येथें बसलेल्या बहुतेक घरांतून एक तरी मूल हायस्कुलांत जात आहे. त्या मुलाच्या शाळेंत लहानमोठें ग्रंथालय आहे. त्याचा उपयोग मुलानें कसा करावा आणि आईबापांनीं त्यासाठीं काय करावें, एवढाच आजचा विषय.

सातारा व सांगली हे आपले दोन जिल्हे ग्रंथांच्या बाबतींत दरिद्री नाहींत, हें प्रथम सांगितलें पाहिजे. साताऱ्याच्या नगर वाचनालयाची स्थापना १८५२ सालची, म्हणजे मुंबई विद्यापीठ निघण्यापूर्वी पांच वर्षें. वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें कार्य उभें केलें. त्याचा पहिला खंड १९७६ सालीं निघाला व पुढें त्याचे वीस खंड झाले. पांचगणीजवळचें भिलार हें गांव स्ट्रॉबेरीसाठीं प्रसिद्ध होतें, तें मे २०१७ पासून 'पुस्तकांचें गांव' म्हणून ओळखलें जातें. तेथें घरोघरीं व मंदिरांतहि पुस्तकांच्या मांडण्या आहेत, आणि कोणींहि जावें, बसावें, वाचावें, अशी सोय आहे. सांगलीचें नगर वाचनालय सुमारें दीडशें वर्षांचें. वि. स. खांडेकरांचा जन्म याच सांगलींत १८९८ सालीं झाला. एका लहानशा गांवच्या हायस्कुलांत वर्षानुवर्षें शिकविणाऱ्या या शिक्षकास पुढें १९७४ सालचें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें.

परंतु याच सांगलीची दुसरी एक आठवण सांगणें प्राप्त आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णामाईला महापूर आला. आयर्विन पुलापाशीं पाणी सत्तावन्न फुटांवर गेलें. घरेंदारें, दुकानें, गोठे यांची जी हानि झाली ती आपणांपैकीं कित्येकांनीं स्वतः सोसली आहे. त्याच पाण्यांत नगर वाचनालयाचीं हजारों पुस्तकें बुडालीं. त्यांत जुनीं व दुर्मिळ पुस्तकेंहि होतीं. कपाटांतून निघालेला तो ओला लगदा ज्यांनीं पाहिला त्यांस अश्रु आवरले नाहींत.

त्या दिवसांत आमच्या मनांत एक विचार आला व तो अद्यापि जात नाहीं. पुरानें बुडविलेल्या पुस्तकांसाठीं आपण हळहळलों, तें योग्यच झालें. परंतु किल्लीबंद कपाटांत जें पुस्तक दहा दहा वर्षें कोणी उघडीत नाहीं, त्याची स्थिति बुडालेल्या पुस्तकाहून काय निराळी आहे? एकास पाण्यानें नेलें, दुसऱ्यास आपल्या अनास्थेनें. पहिली आपत्ति दैवी, तिजवर आपला उपाय थोडा. दुसरीवर मात्र उपाय आपल्याच हातीं आहे, आणि तोच आज सांगावयाचा आहे.

बालमित्रांनो, प्रथम तुमच्याशीं बोलतों. ग्रंथालयांत शिरल्यावर पुष्कळ मुलें गांगरतात. एवढीं पुस्तकें, त्यांतलें आपलें कोणतें? म्हणून जें समोर दिसेल तें उचलतात, दोन पानें चाळतात व परत ठेवतात. असें करण्याचें कारण नाहीं. ग्रंथालयांत प्रत्येक पुस्तकाला घर आहे व त्या घराला पत्ता आहे. पुस्तक शाळेंत येतांच दाखल नोंदवहींत त्याची नोंद होते व त्यास दाखल क्रमांक मिळतो. पुढें विषयाप्रमाणें त्याची जागा ठरते. पुष्कळ ठिकाणीं यासाठीं मेलव्हिल ड्यूई या अमेरिकन गृहस्थानें १८७६ सालीं प्रसिद्ध केलेली दशांश पद्धति चालते. त्यानें सर्व ज्ञानाचे दहा वर्ग केले. दोनशेंच्या वर्गांत धर्म, पांचशेंच्या वर्गांत विज्ञान, आठशेंच्या वर्गांत वाङ्मय, नऊशेंच्या वर्गांत इतिहास व भूगोल. प्रत्येक वर्गाचे पुन्हां पोटभेद पाडलेले. मराठी वाङ्मयाचा आंकडा ८९१.४६. लहान शाळांतून हे आंकडे नसतात, तेथें 'चरित्रें', 'विज्ञान', 'कथा', 'प्रवासवर्णनें' अशा चिठ्ठ्या कपाटांवर लावलेल्या असतात. पद्धति कोणतीहि असो, ती एकदां विचारून घ्यावी, म्हणजे पुढें जन्मभर कोणत्याहि ग्रंथालयांत तुम्ही परके राहणार नाहीं.

एका उदाहरणानें हें स्पष्ट करूं. समजा, तुम्हांस फादर थॉमस स्टीफन्स यांचें 'ख्रिस्तपुराण' पाहावयाचें आहे. सूचींत तें तीन प्रकारें सांपडेल. लेखकाच्या नांवानें, तेथें आडनांव आधीं, म्हणजे 'स्टीफन्स, थॉमस' असें. ग्रंथाच्या नांवानें, 'ख' अक्षराखालीं. आणि विषयावरून. आतां विषय कोणता धरावा? ग्रंथ प्रभु येशूच्या चरित्राचा, म्हणून धर्माच्या कपाटांत पाहावें. पण तो ओवीबद्ध मराठी काव्यहि आहे, म्हणून मराठी वाङ्मयाच्या कपाटांतहि पाहावें. ज्यास हें कळलें तो एका ठिकाणीं पुस्तक न मिळाल्यानें निराश होऊन परत जाणार नाहीं. एकच ग्रंथ दोन वाटांनीं गांठतां येतो, हें समजणें म्हणजेच ग्रंथालय समजणें होय.

या ग्रंथाचा वृत्तांत सांगण्याजोगा आहे. स्टीफन्स इंग्लंडचे, १५७९ सालीं गोव्यास आले, आणि परभाषेंत इतके रमले कीं त्यांनीं सुमारें अकरा हजार ओव्यांचें पुराण रचलें. तें १६१६ सालीं छापलें गेलें, पुढें १६४९ व १६५४ सालीं पुन्हां. आज या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकहि प्रत उपलब्ध नाहीं. मग ग्रंथ वांचला कसा? हातानें उतरून घेतलेल्या प्रतींनीं. कोठें एखाद्या घरांत, कोठें एखाद्या संग्रहांत त्या राहिल्या. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित तर लंडनच्या ग्रंथालयांत, मार्सडन यांच्या संग्रहांत जपलें गेलें. अशा प्रतींवरून १९०७ सालीं मंगळूरास रोमन लिपींत व १९५६ सालीं पुण्यास प्रा. शांताराम बंडेलू यांच्या हस्तें देवनागरींत तो पुन्हां छापला गेला. वाचणाऱ्यांनीं व जपून ठेवणाऱ्यांनीं तो तारला. मराठी वाङ्मयाचा हा ठेवा ज्या शाळेच्या ग्रंथालयांत असेल, तेथील आपल्या मुलांनीं तो एकदां तरी हातांत घ्यावा.

आतां संदर्भग्रंथांविषयीं. हे ग्रंथ घरीं नेऊं देत नाहींत, तेथेंच बसून पाहावयाचे असतात. म्हणून मुलें त्यांजकडे फिरकत नाहींत. वास्तविक शाळेच्या ग्रंथालयांतील सर्वांत मोलाची वस्तु तीच. शब्दाचा अर्थ अडला तर मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश आहे, ज्याची दुसरी आवृत्ति १८५७ ची असूनहि आज तो कामास येतो. दाते व कर्वे यांचा सात विभागांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, तो १९३२ ते १९३८ या काळांत तयार झाला. आणि आपल्या जिल्ह्यांतच जन्मलेला विश्वकोश आहे. त्यांतील नोंदी अकारविल्ह्यानें लावलेल्या आहेत. कृष्णा नदीविषयीं निबंध लिहावयाचा असेल तर 'क' चा खंड काढावा, नोंद वाचावी, शेवटीं दुसऱ्या ज्या नोंदी पाहण्यास सांगितल्या असतील त्या पाहाव्या, व आपल्या शब्दांत टांचण करावें. टांचणाच्या कागदावर ग्रंथाचें नांव, खंड व पृष्ठ हीं प्रथम लिहावीं आणि मग मजकूर. हा क्रम उलटा केला तर पृष्ठांक लिहावयाचा राहतो व मागाहून सर्व खटाटोप पुन्हां करावा लागतो. आम्हीं हें अनेकदां भोगलें आहे.

कोणी म्हणेल, आतां हातांत मोबाईल असतां इतके सायास कशास? आम्ही त्या यंत्राचे शत्रु नाहीं. विश्वकोश आज संकेतस्थळावरहि विनामूल्य वाचतां येतो, आणि वाईपासून दूर जत-आटपाडीच्या मुलासहि तो घरबसल्या मिळतो, ही मोठीच सोय झाली. परंतु मोबाईलवर जें पहिलें दिसतें तेंच मुलें खरें मानतात. तें कोणीं लिहिलें, केव्हां लिहिलें, कशाच्या आधारानें लिहिलें, हे तीन प्रश्न त्यांस सुचत नाहींत. पुस्तकाच्या आरंभींच्या पानावर लेखकाचें नांव, प्रकाशक व वर्ष छापलेलें असतें. तें पान प्रथम वाचण्याची संवय ज्यास ग्रंथालयांत लागली, तोच मोबाईलवरहि हे प्रश्न विचारील. संवय एक, साधनें दोन, असें आम्ही समजतों.

ग्रंथालयांत पुस्तकांहून मोठी वस्तु एकच, ती म्हणजे पुस्तकें जाणणारें माणूस. या संबंधांत साताऱ्याच्याच एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतों. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशीं साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलांत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलांत, भिवा रामजी आंबेडकर या मुलाचें नांव दाखल झालें. अस्पृश्य म्हणून त्या काळीं त्यास इतर मुलांपासून वेगळें बसावें लागे. हा दिवस २०१७ पासून महाराष्ट्रांत विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढें हें कुटुंब मुंबईस गेलें. घर एका खोलीचें, अभ्यासास जागा नाहीं. म्हणून तो मुलगा चर्नी रोडच्या बागेंत जाऊन वाचीत बसे. त्याच बागेंत येणारे एक शिक्षक, कृष्णाजी अर्जुन केळूसकर, यांच्या तें लक्षांत आलें. त्यांनीं विचारपूस केली व वाचावयास पुस्तकें दिलीं. मुलगा १९०७ सालीं मॅट्रिक झाला तेव्हां आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्याला भेट दिलें, आणि पुढील शिक्षणासाठीं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांपर्यंत त्याला नेलें. त्या भेटीच्या पुस्तकाचा धागा पुढें कोठवर गेला हें साऱ्या जगास ठाऊक आहे. मूल वाचीत आहे हें पाहणारा, त्याला काय हवें हें ओळखणारा व तें हातीं देणारा एक मनुष्य, एवढ्यावर हें झालें. बागेंत केळूसकरांनीं जें केलें तेंच ग्रंथपालानें ग्रंथालयांत करावयाचें असतें.

आपल्या देशांतील ग्रंथालयशास्त्राचे आद्य पुरुष डॉ. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं आपलीं पांच सूत्रें मांडलीं. त्यांचा आशय आम्ही आपल्या भाषेंत सांगतों. पुस्तकें वापरण्यासाठीं आहेत. प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक मिळावें. प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा. वाचकाचा वेळ वांचवावा. आणि ग्रंथालय हें वाढत्या मुलासारखें आहे, तें वाढत राहिलें पाहिजे. हीं सूत्रें ऐकण्यास सोपीं आहेत, आचरणांत आणणें कठीण.

किती कठीण तें आमच्याच चुकीवरून सांगतों. आम्ही एका हायस्कुलांत ग्रंथसंग्रहाचें काम पाहात होतों. नववी संपवून दहावींत गेलेली एक मुलगी एके दिवशीं मधल्या सुट्टींत आली आणि आकाशांतील ताऱ्यांविषयीं पुस्तक आहे काय, असें विचारूं लागली. आदल्या रात्रीं तिनें चंद्रग्रहण पाहिलें होतें. पुस्तक होतें, आमच्या पाठीमागच्याच कपाटांत होतें. परंतु आम्ही म्हणालों, "बाई, हें दहावीचें वर्ष. आधीं क्रमिक पुस्तकें पुरीं कर, तारे कोठें पळून जात नाहींत." ती "बरें, सर" म्हणाली व गेली. पुढें ती कधीं पुस्तक मागावयास आली नाहीं. परीक्षेंत तिला गुणहि साधारणच मिळाले, म्हणजे ज्यासाठीं आम्हीं तिला परतविलें तेंहि कांहीं विशेष साधलें नाहीं. तीन-चार वर्षांनीं मोजदादीच्या वेळीं तें पुस्तक आमच्या हातीं आलें. परतीच्या तारखेच्या कागदावर एकहि शिक्का नव्हता. त्या पुस्तकास सबंध शाळेंत एकच वाचक लाभला होता, आणि त्यास आम्हींच दारांतून परत पाठविलें. त्या दिवसापासून कोणत्याहि मुलास "हें तुझ्या उपयोगाचें नाहीं" असें आम्हीं म्हटलें नाहीं.

हें आम्हीं आईबापांसाठीं सांगितलें. कारण हीच चूक घरोघरीं होत असते. "अवांतर वाचन पुढें, आधीं परीक्षा" हें वाक्य आपण सर्वच बोलतों. त्यांत आपली माया असते, खर्चाची काळजी असते. आपल्यांतील कित्येक घरांत हायस्कुलांत जाणारी ही पहिलीच पिढी आहे, आणि नापास होणें परवडणारें नाहीं हें आम्ही जाणतों. परंतु ज्या मुलाला प्रश्न पडतो व त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची वाट ठाऊक असते, तें मूल शिकवणीवांचूनहि पुढें जातें. ज्याला वाटच ठाऊक नाहीं त्यास किती शिकवण्या लावणार? घरांत पुस्तकांसाठीं पैसा नसेल, तर शाळेचें ग्रंथालय हेंच गरिबाचें खरें कपाट. तें शाळेंत आधींपासून उभें आहे, मात्र कोणी मागितल्यावांचून उघडत नाहीं.

आतां कांहीं नियम. पुस्तक नेतांना त्याचीं पानें पाहून घ्यावीं. फाटलें असेल तर तेव्हांच दाखवावें, म्हणजे दोष आपल्यावर येत नाहीं. पान दुमडूं नये, कागदाची पट्टी घालावी. पेन्सिलीनें खुणा करूं नयेत. जेवतांना वाचूं नये. मुदतीच्या आंत परत करावें, कारण तेंच पुस्तक दुसऱ्या कोणाला हवें असेल. हरवल्यास लपवूं नये. सांगण्याची लाज एका दिवसाची असते, लपविण्याची वर्षभर पुरते. पावसाळ्यांत पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवींतून न्यावें. नदीकांठच्या मंडळींस आणखी एक विनंति. पावसाळ्यापूर्वी पालकसभेंत मुख्याध्यापकांना विचारावें कीं, दाखल नोंदवही व जुने ग्रंथ वरच्या मजल्यावर हलविले काय? हात लागत असतील तर चार तरुणांनीं जावें. २०१९ चा धडा आपणांस एकदांच पुरे.

शेवटीं या धर्मग्रामापुढें तीन गोष्टी ठेवितों.

पहिली, प्रत्येक घरानें आठवड्यांतून एकदां मुलास विचारावें, "या खेपेस कोणतें पुस्तक आणलेंस? त्यांत काय आहे?" स्वतःस वाचतां येत नसेल तरी विचारावें. सांगतां सांगतां मुलाचें वाचन पक्कें होतें, आणि आजीलाहि गोष्ट ऐकावयास मिळते.

दुसरी, वर्षांतून एक सहल भिलारला व वाईला न्यावी. आपलीं मुलें पांचगणीस जातात तीं डोंगर पाहून परततात. एक दुपार त्यांनीं त्या गांवच्या एखाद्या ओसरीवर पुस्तक घेऊन काढावी. परततांना, विश्वकोश ज्या गांवीं घडला तें गांव त्यांना दाखवावें.

तिसरी गोष्ट आपल्या घरांतील जुन्या कागदांविषयीं. १९०३ सालीं सुरू झालेल्या 'निरोप्या' मासिकाचे जुने अंक, गीतांचीं पुस्तकें, उपदेशाचीं पुस्तकें पुष्कळांच्या ट्रंकांत पडलीं आहेत. तीं रद्दींत देऊं नका. बांधून घ्या, आणि जेथें जपलीं व वाचलीं जातील अशा ग्रंथालयास नोंद करून द्या. 'ख्रिस्तपुराण' अनेक घरीं होतें म्हणूनच एके ठिकाणीं नष्ट झालें तरी दुसरीकडे राहिलें, हें विसरूं नये.

रौप्यमहोत्सवाची ही पुस्तिका निघेल तेव्हां तिच्याहि प्रति आपल्या मुलांच्या हायस्कुलांस व साताऱ्याच्या आणि सांगलीच्या नगर वाचनालयांस पाठवाव्या, अशी आमची सूचना आहे. पन्नास वर्षांनीं एखादें मूल सूचींत आपल्या धर्मग्रामाचें नांव शोधीत येईल. त्याला तें कपाटांत सांपडावें, आणि तें देणारा मनुष्य "हें तुझ्या उपयोगाचें नाहीं" असें न म्हणतां पुस्तक त्याच्या हातीं देणारा असावा, इतकीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.